"वहिनी, गाडी चार्ज घेईना": सार्वजनिक चार्जरवर अडकल्यावर काय तपासायचं आणि नेटवर्क कसं निवडायचं

गेल्या दिवाळीत रात्री साडेनऊला धाकट्या दिराचा फोन आला. विजेवरची नवी गाडी, घेऊन तीन आठवडे झालेले. मागच्या सीटवर सासूबाई आणि दोन मुलं. "वहिनी, ॲपमध्ये चार्जर हिरवा दिसतोय, गन लावली, पैसेही कापले गेले, पण गाडी चार्ज घेईना. 14 टक्के राहिलेत." मी म्हटलं, "भाऊजी, आधी गन काढा. गाडी लॉक करून पाच मिनिटं लांब उभे राहा. मग परत लावा, आणि लावताना गन खालून हाताने उचलून धरा." थोड्या वेळाने त्यांचा मेसेज आला, चार्जिंग सुरू झालं होतं. (गन म्हणजे चार्जरच्या केबलच्या टोकाचं, गाडीत बसवायचं हँडल.)

आमच्याकडे 2021 पासून विजेवरची गाडी आहे. कऱ्हाडहून पुणे, कोल्हापूर, रत्नागिरी या फेऱ्या कायमच्या. त्यामुळे हा एकच बिघाड मी स्वतःच्या गाडीवर आणि फोनवरून नातेवाइकांच्या, ओळखीपाळखीच्या गाड्यांवर इतक्या वेळा निस्तरला आहे की तपासण्याचा क्रम आता पाठ झालाय. रात्री हायवेवर म्हातारी माणसं आणि लेकरं घेऊन अडकलेल्या माणसाचा आवाज कसा होतो ते मी ऐकलं आहे. म्हणून हे सविस्तर लिहिते.

लक्षणं

• गन बसते, 'खट' आवाज येतो, पण स्क्रीन किंवा ॲप 'प्रिपेअरिंग'वरच अडकून राहतं आणि मिनिटभराने एरर येते.
• पैसे कापले जातात, चार्जिंग सुरू होत नाही.
• सुरू होतं, दोन-तीन मिनिटांत आपोआप बंद पडतं.
• चार्जरवर 60 किलोवॉट लिहिलेलं, गाडी घेते जेमतेम 20-22.
• ॲपमध्ये 'उपलब्ध', जागेवर स्क्रीन काळी.
• चार्जिंग संपलं तरी गन निघत नाही.

आता तपासण्या. आधी फुकटातल्या आणि सोप्या, मग अवघड. क्रम मोडू नका. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा पहिल्या चार-पाचातच काम होतं.

1. घरून निघण्यापूर्वी: ठिकाण निवडलंय का?

ही तपासणी चहा पिता पिता होते, आणि सगळ्यात जास्त मनस्ताप हीच वाचवते. नवी गाडी घेतलेला प्रत्येक जण विचारतो, कोणतं नेटवर्क चांगलं? टाटा पॉवर, स्टॅटिक, चार्जझोन, जिओ-बीपी, पेट्रोल कंपन्यांच्या पंपांवरचे चार्जर, महावितरणचे चार्जर, आपल्याकडे पर्याय बरेच आहेत. पण हा प्रश्न मला अपुरा वाटतो. नेटवर्क म्हणजे मुख्यतः ॲप, पैशांचा हिशेब आणि हेल्पलाइन. मशीन उभं असतं कुणाच्या तरी हॉटेलच्या किंवा पंपाच्या आवारात, वीज येते तिथल्या फीडरवरून, आणि मशीनवर छप्पर आहे की नाही, गन कुणी चिखलात टाकली तर उचलून ठेवणारं कुणी आहे की नाही, हे त्या जागेवर ठरतं. एकाच नेटवर्कची दोन ठिकाणं, एक वर्षानुवर्षं बिनतक्रार चालणारं आणि दुसरं महिन्यातून दोनदा बंद, असं मी पाहिलं आहे. म्हणून मी नेटवर्कवर भरवसा टाकत नाही, ठिकाणं निवडते.

ठिकाण निवडताना पहिली गोष्ट बघते ती गनची संख्या. एकच गन असलेलं ठिकाण माझ्या हिशेबात धरलेलंच नसतं. ती बंद असू शकते, किंवा तुमच्याआधी कुणी नुकतीच लावलेली असू शकते.

दुसरी गोष्ट, शेवटची गाडी तिथे कधी चार्ज झाली. प्लगशेअर या चार्जर शोधायच्या ॲपवर लोक तारखेसह नोंदी टाकतात, त्या वाचा. तारांकित गुणांपेक्षा गेल्या आठवड्यातली एक नोंद जास्त कामाची. नोंद नसेल तर गूगल मॅप्सवरून त्या हॉटेलला किंवा पंपाला फोन लावा. "चार्जर चालू आहे का?" असं विचारू नका, उत्तर हमखास "हो, चालू आहे" येतं, कारण लाइट लागलेली दिसते एवढंच उचलणाऱ्याला ठाऊक असतं. "आज सकाळपासून कुणाची गाडी चार्ज झाली का?" असं विचारा. मग तो माणूस उठून बघून येतो, किंवा खरं सांगतो.

तिसरी गोष्ट, पुढचा पर्याय. ठरवलेल्या ठिकाणापासून 25-30 किलोमीटरच्या आत दुसरं ठिकाण हवं, आणि ते शक्यतो दुसऱ्या नेटवर्कचं. एका नेटवर्कचा सर्व्हर किंवा पेमेंट बंद पडलं की त्याची आजूबाजूची सगळी ठिकाणं एकदम निरुपयोगी होतात. मी पहिल्या ठिकाणी पोहोचताना 20 टक्के शिल्लक ठेवते, ते या दुसऱ्या ठिकाणासाठीच. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर हे सोपं आहे. आंबा घाट उतरून कोकणात जाताना सोपं नाही. पावसाळ्यात तिकडे लाइट गेली की चार्जरही जातो, कारण बऱ्याच ठिकाणी चार्जरला जनरेटरचा आधार नसतो. रत्नागिरीला जाताना मी वरूनच, घाट उतरण्याआधी, भरपूर चार्ज करून घेते.

रात्रीचा प्रवास असेल तर उजेड, स्वच्छतागृह आणि माणसांची वर्दळ हे निकष दरापेक्षा वर. तिथे पाऊण-एक तास थांबायचं असतं. दर बघताना एवढंच बघा की दाखवलेल्या आकड्यात 18 टक्के जीएसटी धरला आहे का. 18 रुपये युनिट म्हणून लिहिलेला दर जीएसटी लावल्यावर 21 रुपये 24 पैसे होतो, आणि दोन नेटवर्कची तुलना करताना हा फरक फसवतो.

2. ॲप, पैसे, रेंज

मुख्य रस्त्यावर लागणारी दोन नेटवर्क ठरवा. त्यांची ॲप घरीच उतरवा, ओटीपी घालून खातं सुरू करा, गाडीची नोंद करा आणि दोन्ही वॉलेटमध्ये एका चार्जिंगला पुरतील एवढे पैसे टाकून ठेवा. सात ॲपमध्ये शंभर-शंभर रुपये अडकवून काही उपयोग नाही. शिल्लक किमान मर्यादेखाली असेल तर सेशन, म्हणजे त्या वेळचं चार्जिंग, सुरूच होत नाही, आणि ॲप कारण नीट सांगेलच असं नाही.

हे घरी करायचं कारण रेंज. 'स्टार्ट' दाबल्यावर तुमचा फोन नेटवर्कच्या सर्व्हरला सांगतो आणि सर्व्हर चार्जरमधल्या सिमकार्डमार्फत मशीनला सांगतो. दोन्हीपैकी एकाची रेंज गेली तरी मशीनला निरोप पोहोचत नाही. ॲपमधला हिरवा रंगही असाच, मशीनने शेवटी कळवलेली अवस्था. मधे सिम मेलं तर ती शिळी असते. नेटवर्क आरएफआयडी कार्ड देत असेल तर जरूर घ्या. कार्ड मशीनवर टेकवायचं असतं, त्यामुळे निदान तुमच्या फोनची रेंज तरी लागत नाही.

पैसे कापले आणि सुरू झालं नाही, तर लगेच पुन्हा पैसे भरू नका. व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट घ्या, ॲपमध्ये वॉलेट उघडून बघा. बऱ्याचदा रक्कम तिथे परत आलेली असते.

3. लाल बटण

मशीनवर कुत्र्याच्या छत्रीच्या आकाराचं लाल आपत्कालीन बटण असतं. येणारी-जाणारी मुलं ते दाबतात, कुणी टेकून उभं राहतं. दाबलेलं राहिलं की मशीन चालू दिसतं पण वीज देत नाही, स्क्रीनवर 'इमर्जन्सी' असं काहीतरी येतं. बटणावरच्या बाणाच्या दिशेने फिरवलं की ते बाहेर उडी मारतं. मात्र आधी आजूबाजूला बघा, वास घ्या, तिथल्या माणसाला विचारा. कुणी खरोखर धूर दिसला म्हणून दाबलं असेल तर ते सोडवणं तुमचं काम नाही.

4. गाडीच्या बाजूच्या दोन सेटिंग

गाडी 'पी' म्हणजे पार्क गिअरमध्ये आणि बंद हवी. मग सेटिंगमध्ये जाऊन चार्जिंगची मर्यादा बघा. घरी 80 टक्क्यांवर ठेवली असेल तर गाडी 80 ला थांबणारच. हा बिघाड नव्हे. दुसरं, रात्री स्वस्त विजेसाठी लावलेली चार्जिंगची वेळ. काही गाड्यांत ती बाहेरच्या एसी (घरच्यासारख्या विजेवरच्या, हळू) चार्जरलाही लागू होते आणि गाडी नुसती वाट बघत बसते.

5. गन नीट बसली आहे का?

इथे थोडं थांबून लिहिते, कारण सर्वाधिक गाड्या इथेच अडकतात.

आपल्याकडच्या मोटारींची जलद चार्जिंगची गन सीसीएस 2 प्रकारची. खाली दोन जाड डीसी पिना (डीसी म्हणजे जलद चार्जिंगची वीज), वर गोलसर भाग. त्या वरच्या भागात अगदी माथ्याला दोन बारीक पिना असतात. गाडी आणि चार्जर एकमेकांशी बोलतात ते यांच्यामार्फत. गन आत आली का, गाडी किती व्होल्ट, किती अँपिअर मागते, कधी थांबायचं, सगळं त्यावरून ठरतं. या पिना मुद्दाम आखूड ठेवलेल्या असतात, म्हणजे बाकीच्या पिना जुळल्यानंतर त्या सर्वांत शेवटी टेकतात आणि काढताना सर्वांत आधी सुटतात. सुरक्षिततेसाठी ते योग्यच आहे. पण केबल जड असते. तिच्या वजनाने गनची शेपटी खाली लोंबते, तोंडाचा वरचा भाग किंचित बाहेर ओढला जातो, आणि नेमक्या त्या आखूड पिना सुटतात. मग जाड पिना घट्ट बसलेल्या असूनही बोलणं होत नाही. 'कम्युनिकेशन एरर' येते ती अशी.

उपाय: गन काढा. तोंडात माती, पाणी, कागदाचा कपटा आहे का ते उजेडात बघा, पण बोट किंवा काडी आत घालू नका. केबलला थोडी ढील द्या, गाडी गनच्या जवळ घ्या. सरळ रेषेत पूर्ण आत ढकला आणि मूठ खालून उचलून धरा. गाडीने कुलूप लावल्याचा आवाज आला, चार्जिंग सुरू झालं, की हात सोडा. हात सोडल्यावर पुन्हा बंद पडत असेल तर ती गन झिजलेली आहे, दुसरी वापरा. तासभर धरून उभं राहू नका आणि दगड-विटांचे टेकू लावू नका.

गन मुळात बसतच नसेल तर जोर करू नका. एमजी कॉमेटसारख्या गाडीला डीसी चार्जिंगची सोयच नाही, तिला टाइप 2 एसी गन लागते. आणि काही जुन्या ठिकाणी 15 किलोवॉटचे भारत डीसी-001 चार्जर आहेत, त्यांची गन जीबी/टी प्रकारची, ती सीसीएस 2 मध्ये बसत नाही.

6. सगळं बंद करून पहिल्यापासून

ॲपमधून सेशन थांबवा, गन काढून होल्डरमध्ये ठेवा, दारं लावा, गाडी लॉक करा आणि किल्ली घेऊन लांब जा. पाच मिनिटं. गाडीतले कंप्युटर लगेच झोपत नाहीत, आणि फसलेल्या प्रयत्नाची आठवण पुसली जायला ते झोपावे लागतात. घाईघाईने दहा वेळा गन काढ-घाल करण्याने काही होत नाही.

परत करताना क्रम पाळा. काही ॲपमध्ये आधी गन लावून मग 'स्टार्ट', काहींत आधी 'स्टार्ट' आणि मग ठरावीक वेळेत गन. मशीनवर चिकटवलेली सूचना वाचा. वेळ उलटली की सेशन आपोआप रद्द होतं, आणि माणसाला वाटतं गाडी बिघडली.

7. दुसरी गन, मग हेल्पलाइन

त्याच मशीनची दुसरी गन लावून बघा. तिने चार्ज झालं, तर गाडी ठणठणीत आहे हे कळलं. नाहीच झालं तर मशीनवरच्या क्रमांकावर फोन करा. सांगताना चार्जरचा आयडी, गन क्रमांक आणि स्क्रीनवरची एरर जशीच्या तशी वाचून दाखवा, आणि स्पष्ट म्हणा, "रिमोट रिसेट करून द्या." त्यांना दुरूनच मशीन बंद-चालू करता येतं. आधी सॉफ्ट, न जमल्यास हार्ड रिसेट. त्याला काही मिनिटं लागतात.

याच वेळी तिथला वॉचमन किंवा वेटर मदतीच्या भावनेने म्हणतो, "ताई, मी मागचा बोर्ड उघडून बटण पाडून लावतो." नम्रपणे नको म्हणा. त्या पेटीत 415 व्होल्टची थ्री फेज वीज असते आणि आत तिचं आणखी उच्च दाबाच्या डीसीत रूपांतर होतं. हेल्पलाइनने सांगितलं तर ते काम त्या जागेच्या इलेक्ट्रिशियनने करायचं.

हेल्पलाइनवर वीस मिनिटांत काही हाललं नाही तर मी निघते. 20 टक्के राखून ठेवले ते याचसाठी. गाडी सावकाश, 60-70 च्या वेगाने, पुढच्या ठिकाणी न्या.

8. चार्ज होतंय, पण हळू

हा बहुधा बिघाड नसतो. चार्जर फार तर देऊ शकतो, किती घ्यायचं ते गाडी ठरवते. 60 किलोवॉटच्या दोन गनच्या मशीनवर दोन गाड्या लागल्या की प्रत्येकीला 30 येतात. मशीनवरचा आकडा बहुतेक जास्त व्होल्टेज धरून लिहिलेला असतो. तुमची बॅटरी 320 व्होल्टची आणि करंट 75 अँपिअर असेल तर 24 किलोवॉटच होतात. 80 टक्क्यांपुढे प्रत्येक गाडी वेग कमी करते, तिथे रेंगाळण्यापेक्षा निघणं बरं, आणि मागे कुणी थांबलेलं असतं. मे महिन्यात खंबाटकी घाट भरधाव चढून लगेच गन लावली तरी गाडी कमी घेते, बॅटरी तापलेली असते म्हणून. नाष्टा आधी करा, गन मग लावा.

9. गन निघत नाही

आधी ॲपमधून सेशन संपवा, मग किल्लीने गाडी एकदा लॉक, एकदा अनलॉक. गन किंचित आत दाबा म्हणजे कुलपाच्या खिळीवरचा ताण जातो, आणि त्याच क्षणी पुन्हा अनलॉक करा. बहुतेक सुटते. अनेक गाड्यांत बॉनेटखाली किंवा डिकीत हाताने ओढायची दोरी असते. ती कुठे आहे ते आजच पुस्तिकेत बघून ठेवा, अंधारात शोधायची वेळ येऊ नये. हिसके देऊ नका. खिळी वाकली तर सॉकेटच बदलावं लागतं.

इथे थांबा

खालीलपैकी काहीही दिसलं तर एकही प्रयत्न आणखी करायचा नाही.

जळका वास, धूर, तडतड आवाज. पिना काळ्या पडलेल्या किंवा प्लॅस्टिक वितळलेलं. गन हातात धरवत नाही इतकी गरम. गनच्या तोंडात पाणी. गाडीला किंवा मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या. केबलचं आवरण फाटलेलं. सुरक्षित असेल तरच लाल बटण दाबा, माणसांना लांब न्या, आणि धूर असेल तर 101 किंवा 112 ला फोन करा. मग नेटवर्कला कळवा, म्हणजे पुढचा माणूस ती गन उचलणार नाही.

'आयसोलेशन फॉल्ट' किंवा 'अर्थ फॉल्ट' ही एररही याच गटातली. चार्जिंग सुरू होण्याआधी चार्जर जोराची वीज सोडण्यापूर्वी केबल आणि गाडीतून कुठे गळती नाही ना, ते तपासतो. एका मशीनवर एकदा ही एरर आली तर दुसऱ्या ठिकाणी जाऊन बघायला हरकत नाही, ओली गन किंवा मशीनचं अर्थिंग कारण असू शकतं. दुसऱ्या ठिकाणीही तीच आली तर गाडी सर्व्हिस सेंटरला. बॉनेटखालच्या नारिंगी तारांना हात लावायचा नाही, ओळखीच्या मेकॅनिकलाही लावू द्यायचा नाही.

दोष गाडीत आहे हे कसं ओळखायचं? वेगवेगळ्या नेटवर्कच्या तीन मशीनवर एकच एरर आली की मी चार्जरला दोष देणं थांबवते. घरच्या एसीवर चार्ज होते पण कोणत्याच डीसीवर होत नाही, तर डीसीच्या जाड पिना, त्यांचे कॉन्टॅक्टर (आतले मोठे विजेचे स्विच) किंवा डीसीचं संभाषण करणारा भाग संशयित. एसी, डीसी दोन्हीवर नाही, तर गाडीचं सॉकेट, त्याचं कुलूप किंवा बॉनेटखालची साधी 12 व्होल्टची बॅटरी. या शेवटच्या बॅटरीकडे कुणाचं लक्ष जात नाही. मोठी बॅटरी भरलेली असली तरी कंप्युटर आणि कॉन्टॅक्टर चालतात या छोट्या बॅटरीवर. ती अशक्त झाली की दार उघडायला वेळ लागतो, स्क्रीन मधेच बंद होऊन चालू होते, आणि चार्जिंग सुरूच होत नाही. ती तपासून घ्यायला सर्व्हिस सेंटरमध्ये फार वेळ लागत नाही, म्हणून तिथे गेल्यावर आधी तीच तपासा असा आग्रह धरा.

जाताना "बाहेर चार्ज होत नाही" एवढंच सांगू नका. त्यांच्याकडच्या चार्जरवर गाडी कदाचित निमूट चार्ज होईल आणि तुम्हाला "काही नाही, ठीक आहे" म्हणून परत पाठवतील. एका कागदावर लिहून न्या: तारीख, ठिकाण, चार्जरचा आयडी, किती किलोवॉटचा, त्या वेळी बॅटरी किती टक्के, पाऊस की ऊन, स्क्रीनवरची एरर, आणि गाडीच्या व चार्जरच्या अशा दोन्ही स्क्रीनचे फोटो. आमच्या गाडीचं सॉकेट वॉरंटीत बदलून मिळालं ते अशा चार नोंदी समोर ठेवल्यावर. त्याआधी दोनदा ती काही न करता परत आली होती.